बांगडीची निशाणी

आमच्या घरात कागद करणारे सगळे आणि कागदावर लिहिणारा मी एकटा. कसब्याच्या खालच्या अंगाला, मुठेच्या काठी, आम्हा कागदी लोकांची वस्ती आहे. श्रीमंत पेशव्यांच्या दफ्तरातून रोज जे हुकूम सुटतात, त्यांतले निम्मे तरी आमच्या वस्तीत भिजवलेल्या, तुडवलेल्या आणि भिंतीला चिकटवून वाळवलेल्या कागदावर असतात. हुकमाची तामिली होईल न होईल, कागद मात्र टिकतो. आमच्या लोकांना याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

माझे थोरले भाऊ लगद्याच्या हौदावर बसत आणि मी दफ्तरात फारसी मुन्शी होतो. हैदराबादेकडे किंवा दिल्लीकडे पत्र जायचे असले की मला बोलावणे येई. अशा पत्राचे दोन हिस्से समोरच्याच्या पदव्यांत जातात, एक आपल्या पदव्यांत, आणि उरलेल्या जागेत मजकूर बसवायचा. मजकुराला जागा उरलीच नाही तरी फारसे बिघडत नाही. सारे आयुष्य मी हेच काम केले, त्यामुळे भरजरी शब्दांचा मला जो कंटाळा आहे तो धंद्यातून आलेला आहे, वैराग्यातून नव्हे. हे लिहिणेही मी मराठीतच करतो आहे. फारसीत लिहिले तर मौलवी वाचतील, आणि दखनी आम्ही घरात बोलतो, ती लिहायची कोणाला सवय नाही.

पुढचे समजण्यासाठी कागदाची एक रीत सांगावी लागेल. ताग आणि जुनी रद्दी चुन्याच्या पाण्यात भिजते, कुटली जाते आणि मग माणसे नदीत उभी राहून ती पायांनी तुडवतात. रद्दी येते दफ्तरातूनच. कालचे हुकूम तुडवून उद्याच्या हुकमांचा कागद होतो. पण ज्या कागदावर अल्लाचे नाव असेल त्याला पाय लागता कामा नये, ही आमच्यात फार कडक रीत. म्हणून रद्दी आली की बायका ती निवडतात. त्यांना वाचता येत नाही, पण युक्ती सोपी आहे. वर सलग रेघ ओढलेली दिसली की मोडी; तो कागद तुडवायला जातो. रेघ नसली की फारसी. मग मजकूर घोड्यांच्या दाण्याबद्दल का असेना, तो पवित्र. असे कागद मशिदीच्या भिंतीवर टांगलेल्या कापडी थैलीत टाकतात, आणि वर्षातून एकदा, रमजानच्या आधी, ती थैली नदीच्या डोहात सोडतात.

माझी पुतणी, भावाची एकुलती मुलगी, नऊ वर्षांची असल्यापासून कागद घोटत असे. वाळलेल्या कागदाला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने तो चकाकेपर्यंत घासायचा. घोटाई नीट झाली नाही तर शाई पसरते. तिच्या हातच्या कागदावर माझी लेखणी अशी चाले की पदव्या लिहिणेसुद्धा सुसह्य वाटे.

वस्तीतल्या मुलींना कुराण वाचायला शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या उस्तानी होत्या. त्या अक्षर आणि उच्चार शिकवत. अर्थ सांगत नसत, कारण तो त्यांना ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसल्याचे त्यांना दुःखही नव्हते. इतर मुलींना तीन वर्षे लागत. माझ्या पुतणीने दीड वर्षात वाचन संपवले. भावाने वस्तीत मलिदा वाटला. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चाचा, वाचून झालं. आता?"

"आता पुन्हा वाच."

"पुन्हा वाचून झालं की?"

"मग तिसऱ्यांदा. सवाब मिळतो."

"तुम्ही नुसतं वाचत नाही. तुम्ही लिहिता. आणि मी घोटलेल्यावरच लिहिता."

मी बोरूची लेखणी तासून दिली.

आमच्याकडे मुलीने वाचणे सवाबाचे, म्हणजे पुण्याचे, आणि लिहिणे वावगे, असे तेव्हाही मानत, आताही मानतात. याचा आधार काय, असे मी कधी कोणाला विचारले नव्हते; विचारल्यावर मिळतो तो आधार नसतो, राग असतो. दफ्तरात माझ्या शेजारच्या बैठकीवर एक ब्राह्मण कारकून बसत. चांगला माणूस, अक्षर मोत्यासारखे. त्यांना मी एकदा सहज म्हणालो, की पुतणीला लिहायला शिकवतो आहे.

ते म्हणाले, "मुन्शीजी, तुमच्यात निदान वाचू तरी देतात. आमच्यात बाईने अक्षर पाहिलं तर नवरा मरतो म्हणतात."

त्यांची बहीण चौदाव्या वर्षी विधवा होऊन घरी परतली होती, हे मला ठाऊक होते. मी विचारले, "मग तुमच्या भगिनी काय वाचत होत्या?"

ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी शाईची दौत माझ्याकडे सरकवत खाली मान घालून म्हणाले, "काही वाचत नव्हती हो ती." तेवढेच. तसे बोलल्याची लाज मला अजून वाटते.

मुलीला लिहायला शिकवायचे तर लाकडाची तख्ती घ्यायची, लिहायचे आणि धुऊन टाकायचे, ही जगाची पद्धत. पण कागद्याच्या घरात तख्ती कोण आणणार? आमच्या अंगणात वाया गेलेले, फाटक्या कडांचे, पिवळे पडलेले कागद ढिगाने होते. ती त्यांच्यावर लिही. संध्याकाळी ते कागद पुन्हा हौदाकडे जातील, भिजतील, लगदा होईल, आणि तिने काय लिहिले ते कोणालाच कळणार नाही, असा माझा हिशेब होता. फार हुशार माणूस मी.

फारसी लिहिणारा माणूस कोऱ्या कागदाची सुरुवात बिस्मिल्लाने करतो. श्वास घ्यावा इतके ते सवयीचे असते. मी तिच्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर माझ्या हाताने बिस्मिल्ला लिहून देई आणि खाली ती गिरवी. पुढे पुढे ती स्वतःच वाक्ये लिहू लागली, दखनीतली, घरातली. पाणी आणलं. खळ पातळ झाली. आज ऊन नाही, कागद वाळले नाहीत. अब्बा फार खोकतात. असली वाक्ये. मला ती वाचताना इतका आनंद होई की दफ्तरातल्या कोणत्याही पत्राने कधी झाला नव्हता. त्यांत मजकूर होता.

ती रद्दी निवडणाऱ्या बायकांमध्येच वाढलेली. ज्या कागदाच्या माथ्यावर अल्लाचे नाव आहे तो तिने तुडवायला जाऊ दिला नाही. मला काही न विचारता, रीतीप्रमाणे, एकेक कागद घडी घालून ती मशिदीच्या थैलीत पोचवत राहिली. मी तिला मोडी शिकवली असती तर पायाखाली सगळे मिटून गेले असते. मी फारसी शिकवली, कारण ती प्रतिष्ठेची. पदव्यांना हसणाऱ्या माणसाची ही गंमत.

त्या वर्षी मशिदीत नवे मौलवी आले होते. औरंगाबादेकडचे. आवाज गोड, दाढी रेखीव, आणि अंगरखा असा की त्याच्या घड्या मोडू नयेत म्हणून ते सावकाश बसत. येऊन दोन महिने झाले नाहीत तोच त्यांनी माझ्याकडून सरकारात एक अर्जी लिहून घेतली: आपल्या चालण्यात अबदागीर असावे, म्हणजे डोक्यावर धरायची मानाची छत्री. मशीद ते घर हे अंतर साठ पावलांचे, वाटेत एक मोठे चिंचेचे झाड. मी अर्जी लिहून दिली. चार दिवसांनी त्यांना आपली आणखी एक पदवी आठवली आणि ती घालण्यासाठी जुना मसुदा लागला. मसुदा झाडणाऱ्याने रीतीप्रमाणे थैलीत टाकला होता. मौलवींनी थैली उपडी करवली.

मसुद्याबरोबर निघाले पोरीच्या अक्षरातले चाळीसएक कागद.

शुक्रवारच्या नमाजनंतर वस्तीतली वडीलधारी मंडळी मशिदीच्या ओट्यावर बसली. मौलवींच्या हातात कागद होते. लिहिणारी कोण हे विचारावे लागले नाही. वरचे बिस्मिल्ला माझ्या हातचे हे सगळ्या पुण्याला ओळखू आले असते, आणि खाली तर लिहिलेच होते की अब्बा खोकतात. माझे भाऊ तेव्हाही खोकत होते.

मी मौलवींना वाईट म्हणणार नाही. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मुन्शीजी, वाचणं म्हणजे बाहेरचं चांगलं आत येणं. लिहिणं म्हणजे आतलं बाहेर जाणं. बाई घरात आणि तिचा शब्द बाजारात, हा कसला पडदा?"

मी तयारीने गेलो होतो. बगलेत किताब होती. मी म्हणालो, "हजरत, पैगंबरांच्या स्वतःच्या घरात एका बाईंनी दुसऱ्या बाईंना लिहायला शिकवलं होतं. पैगंबरांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी मना केलं नाही. हे पाहा पान."

मौलवींनी पान पाहिले नाही. "ठाऊक आहे आम्हाला. ते त्या पाक घराण्यापुरतं. आपली पुतणी त्या घराण्यातली आहे का?"

ओट्यावर हशा पिकला. मी हशा ओसरू दिला. "त्यांच्यापुरतंच, असं कुठं लिहिलंय? मला एवढी ओळ दाखवा."

"मुन्शीजी," ते हसून म्हणाले, "आपण किताब वाचता. आम्ही तिचा अर्थ लावतो."

"वाहवा," मागून कोणीतरी म्हणाले. हा माणूस कागद मोजताना विसाच्या पुढे बोटांवर येई, पण अर्थ कोणी लावायचा याबद्दल त्याची खात्री पक्की होती. रमण्याच्या आवारात श्रावणात शास्त्र्यांचे वाद ऐकून दक्षिणा वाटतात तिथेही मी अशी माणसे पाहिली आहेत. कोण जिंकला ते त्यांना वाद सुरू होण्याआधीच कळते.

निकाल साधा होता. मुलीने लेखणी न धरण्याची कुराणावर हात ठेवून शपथ घ्यावी आणि तसा कागद लिहून द्यावा. तोवर नदीवरच्या कामात भावाला कोणी हात द्यायचा नाही. लगदा धुवायला चार माणसे लागतात. एकट्याने कागद होत नाही. त्यातच जुन्नरच्या एका कागदी घराशी पुतणीची सोयरीक ठरत आली होती. त्यांचा निरोप आला, की आम्ही मुलगी मागितली होती, मुन्शी नव्हे.

भाऊ माझ्या खोलीत आले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पण मला अहोजाहो करीत. रागावले की जास्तच.

"मुन्शीजी, आपण सल्तनतींची पत्रं लिहिता. एक कागद माझ्यासाठी लिहा."

"भाईजान, मी अजून दोन किताबी पाहतो. आधार सापडेल."

"सापडेल. आणि तोवर माझा हौद आटेल." मग त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर हळूच म्हणाले, "तिला तू सांग. माझ्याच्यानं होत नाही."

मी सांगितले. तिने मला एकच विचारले, "हे खरंच गुनाह आहे, चाचा?"

नाही म्हणालो असतो तर तिने शपथ घेतली नसती. ती तसली होती. मी म्हणालो, "जाणकार लोक तसं म्हणतात." इतक्या वर्षांच्या मुन्शीगिरीत याहून सफाईदार वाक्य मी लिहिलेले नाही.

करारनामा मीच लिहिला. मंडळी आमच्या घरी आली. ओसरीत पडदा लावला, पडद्यामागे ती. आधी कुराण आत गेले, तिने हात ठेवून शब्द उच्चारले, स्वच्छ उच्चारात, उस्तानींनी शिकवलेल्या. मग करारनामा आणि लेखणी पडद्याखालून आत सरकवली. आतून आवाज आला.

"चाचा, नाव लिहू?"

मौलवी माझ्याकडे पाहू लागले.

ज्यांना लिहिता येत नाही ते कागदावर निशाणी करतात. कुणबी नांगर काढतो, वाणी तराजू, बाई बांगडी. दफ्तरात मी हजारो पाहिल्या आहेत. मी म्हणालो, "नको. बांगडी काढ."

कागद बाहेर आला. बांगडी एका दमात काढलेली होती, वर बारीक, खाली जाड, जिथून निघाली तिथेच येऊन मिळालेली. लेखणी कशी धरायची, कुठे दाबायची आणि कुठे सोडायची हे ज्याला शिकवले आहे, त्याच्याच हातून असे वर्तुळ निघते. मौलवींनी कागद पाहिला, समाधानाने घडी घातली. त्यांच्या अबदागिराची मंजुरी मात्र सरकारातून कधी आली नाही. यातून मी काही बोध काढत नाही.

तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जुन्नरच्या त्याच घरी गेली. तिथून वर्षातून एखाददुसरे पत्र येई. तिथल्या मशिदीचे मुल्ला लिहीत, ती सांगे, आणि खाली बांगडी काढून देई. पत्रांची भाषा मुल्लांची: अल्लाच्या मेहेरबानीने सर्व खुशाल, सासूसासरे मायेने वागवतात, मुलगा झाला, बाळ खुशाल. मग एक पत्र आले, की बाळ गेले, अल्लाची मर्जी, सून सबुरीने आहे. खाली बांगडी. मी प्रत्येक वेळी आधी बांगडी पाही. ती तशीच सुबक असे. हात अजून विसरलेला नाही, एवढे मला पुरे वाटे.

दरम्यान मी किताबी पाहत राहिलो. शपथ मोडता येणार नव्हती, पण तिला मुली होतील, त्यांच्यासाठी तरी आधार हवा होता. दफ्तरातल्या ओळखीने लांबलांबच्या आलिमांना, म्हणजे धर्माच्या जाणकारांना, पत्रे लिहिली. त्यांतल्या एकाचे उत्तर आले: मुलीला लिहायला शिकवण्यात दोष नाही, आणि ते एका घराण्यापुरते होते हे म्हणणे निराधार आहे. खाली मोहोर, सही, सगळे. तोवर आमचे मौलवी औरंगाबादेला परत गेले होते. नवे आले ते म्हातारे आणि आळशी. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि म्हणाले, "शिकवा की. मला कशाला विचारता?" नऊ वर्षे ज्या दाराशी मी डोके आपटले, त्याला कडीच नव्हती.

त्याच हिवाळ्यात भाऊ अंथरुणाला खिळले आणि पुतणी त्यांना पाहायला आली. बरोबर पाच वर्षांची मुलगी. मुलगी आल्याआल्या अंगणात जाऊन घोटायचा दगड उचलू लागली. मी आधीच लेखणी तासून ठेवली होती, बारकी, लहान बोटांना बसेल अशी. पुतणीसमोर आलिमांचा कागद ठेवला. तिने तो वाचला. वाचताना ओठ हलत नव्हते. तिचे वाचन कमी झाले नव्हते, वाढले होते.

"छान लिहिलंय," ती म्हणाली आणि कागद माझ्याकडे परत केला.

"मग उद्यापासून बसवतो हिला. अलिफपासून."

"नको, चाचा."

"अगं, आता कोणाची हरकत नाही. शपथ तुझी आहे, हिची नाही."

"लिहायलाही नको आणि वाचायलाही नको. उस्तानींकडेही पाठवणार नाही मी हिला."

मला वाटले, सासरच्यांची भीती असेल. तसे म्हणालोही. ती हसली, पण ते हसू माझ्या ओळखीचे नव्हते.

"तुम्ही मला अर्धं शिकवलंत. माझं बाळ आजारी होतं तेव्हा मी मुल्लांना सांगितलं, लिहा, बाळाला दूध पचत नाही, मला न्यायला या, पुण्याच्या हकिमाला दाखवायचंय. त्यांनी लिहिलं, बाळ खुशाल. सुनेनं असली कुरकुर कागदावर आणू नये म्हणून. चांगला माणूस आहे, माझ्या भल्यासाठीच केलं. मग पत्र निशाणीसाठी आत आलं. मी वाचलं."

मी आलिमांच्या कागदाची घडी घालू लागलो.

"लेखणी माझ्या हातात होती, चाचा. लेखणीनं बांगडी काढायची तेवढी मुभा होती. वरची एक ओळ खोडून तिथं 'या' एवढं लिहायचं होतं. पण कुराणावर हात ठेवून बोलले होते मी, लिहिणार नाही. मी बांगडी काढली."

"अब्बांना सांगायचंस. त्या पत्रानंतर ते जुन्नरला येऊन गेले होते की."

"सांगितलं. ते म्हणाले, पत्रात तर बाळ खुशाल म्हणून लिहिलंय."

अंगणात मुलगी दगडाने कागद घासत होती. तिच्या हाताला अजून जोर नव्हता, नुसता आवाज होत होता.

"वाचता आलं नसतं तर मला वाटलं असतं, माझं म्हणणं पोचलं, कोणी आलं नाही ते त्यांच्या अडचणीनं. तेवढ्यावर मी जगले असते. हिला तेवढं तरी राहू द्या." ती उठली, भावाच्या औषधाची वेळ झाली होती. दारातून वळून म्हणाली, "बांगड्या बऱ्या जमतात ना माझ्या?"

"फार चांगल्या," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी जुन्नरची पत्रे काढली. अकरा होती. प्रत्येकाखाली बांगडी, वर बारीक, खाली जाड. बाळ खुशाल म्हणणारे पत्र शोधले. त्यातली बांगडी इतरांसारखीच होती. एक जागा थरथरलेली असावी म्हणून मी ते उजेडात धरून पाहिले, पण नव्हती. मीच तिला तसे शिकवले होते, की हात थरथरू द्यायचा नाही.

मला नकला ठेवायची सवय आहे. त्या पत्राला मी धाडलेल्या उत्तराची नक्कलही पत्राबरोबरच बांधलेली होती. वर बिस्मिल्ला, मग व्याह्यांच्या पदव्या, मग माझा मजकूर, एका ओळीचा: बाळ खुशाल असल्याचे वाचून फार आनंद झाला.